चार घरांचा तक्ता : महाबळेश्वर ते मालपे, सात दिवस

माझी मावशी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. अग्निजन्य खडकांचे अंतर्निर्मित आणि बहिर्निर्मित असे दोन प्रकार असतात, पहिल्याचे उदाहरण ग्रॅनाइट आणि दुसऱ्याचे बेसाल्ट, हे वाक्य तिने इतक्या वेळा फळ्यावर लिहिले होते की झोपेतून उठवले तरी ती ते म्हणून दाखवील. तरीही सगळा जन्म सह्याद्रीच्या आसऱ्याने गेल्यामुळे जमिनीतून वर आलेला, जागेवरचा ग्रॅनाइट तिने कधी पाहिला नव्हता. तिच्या ओळखीचा एकमेव ग्रॅनाइट म्हणजे तिच्याच स्वयंपाकघरातला काळाभोर ओटा. एरवीही आपल्याकडे दगड म्हटला की तो काळाच असतो. न पुसणाऱ्या गोष्टीला आपण ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो आणि त्या दगडाचा रंग वेगळा असू शकेल अशी शंकाही आपल्याला येत नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघे आणि गाडी चालवायला माझा भाचा असे तिघे सात दिवसांसाठी निघालो. सामानात दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, दोऱ्याला बांधलेले चुंबक, आकड्याला अडकवून वजन करण्याचा छोटा स्प्रिंगचा काटा, एक पातेले आणि मावशीची वही एवढी हत्यारे होती. हातोडा मुद्दाम घरी ठेवला होता, कारण आम्ही पाहणार होतो त्यांपैकी बहुतेक जागा संरक्षित आहेत, आणि रस्त्यासाठी किंवा विहिरीसाठी आधीच फोडलेले दगड वाटेत हवे तेवढे मिळतात. गाडी शहराबाहेर पडली तेव्हा मावशीने वहीत चार घरांचा तक्ता आखला : वरच्या ओळीत बारीक दाणा, खालच्या ओळीत मोठा दाणा, डावीकडे काळा, उजवीकडे फिकट. दाणा सांगतो की शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, किती सावकाश थिजला आणि रंग साधारणपणे सांगतो की त्यात सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, किती होती. वर डावीकडे तिने ‘बेसाल्ट’ आणि खाली उजवीकडे ‘ग्रॅनाइट’ लिहिले. उरलेली दोन घरे रिकामी राहिली.

पहिला दिवस : वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट

वाईहून पसरणी घाट चढताना समोरच्या डोंगराकडे नीट पाहिले, तर तो एकसंध नसून पायऱ्यापायऱ्यांचा असल्याचे दिसते. खडा कडा, त्यावर गवताची उतरण, मग पुन्हा कडा, असा तो क्रम असतो. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात ते पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला आणि थरावर थर रचत गेला. आज उरलेले त्याचे क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. त्या वेळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आज हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली जो उष्ण प्रवाह आहे, त्याच्याशी या उद्रेकांचे नाते जोडले जाते, आणि त्या बेटावरचा ज्वालामुखी अजूनही जागा आहे.

घाटात गाडी थांबवायला सुरक्षित जागा मिळाली तिथे मावशीने स्वतःच एक चूक कबूल केली. पृथ्वीच्या पोटात तप्त शिलारसाचा समुद्र आहे आणि ज्वालामुखी ही त्याची नळी, असे ती वर्गात सांगत आली होती. प्रत्यक्षात कवचाखालचे प्रावरण जवळपास सगळे घनरूप आहे. तिथे उष्णता प्रचंड असली तरी दाबही तेवढाच प्रचंड असल्यामुळे खडक वितळू शकत नाही. तो घन खडकच अतिशय मंद गतीने वर सरकू लागला की दाब कमी होतो आणि उष्णता न वाढताही त्याचा थोडासा अंश वितळतो. सगळा खडक वितळत नाही, सहज वितळणारा वाटा तेवढा सुटून निघतो, आणि या अर्धवट वितळण्यामुळेच मूळ खडकापेक्षा वेगळ्या घडणीचा बेसाल्टी शिलारस तयार होतो. तो बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअस असते. मावशी म्हणाली, “तीस वर्षे मी मुलांना पोटात समुद्र दाखवला आणि एकानेही विचारले नाही की मग जमीन तरंगते कशी.”

दुपारनंतर महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरलो, आणि दिवसातला खरा आनंद तिथे मिळाला. भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांचे गट पाडून त्यांना आपल्याच गावांची नावे दिली आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशी, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर. एसटीच्या फलकावर शोभावी अशी ही यादी खालून वर वाचायची असते. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा प्रवासी त्यांतले वरचे काही गट उलट्या क्रमाने पार करतो, म्हणजे वळणागणिक अधिक जुन्या लाव्ह्यात शिरतो. मात्र आंबेनळी गट कुठे संपला आणि पोलादपूर कुठे सुरू झाला, हे डोळ्यांना कळत नाही. हे भेद मुख्यतः रासायनिक पृथक्करणातून ठरवलेले आहेत, आणि उघड्या डोळ्यांना सगळा खडक सारखाच काळा.

डोळ्यांना दिसतात ते दोन थरांमधले विटकरी-तांबडे पट्टे. एक लाव्हा थंड झाल्यानंतर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजून माती झाली किंवा त्यावर राख साचली, आणि नंतर आलेल्या लाव्ह्याने ती भाजून काढली. भाच्याला सगळ्यांत आवडल्या त्या खडकातल्या पोकळ्या. लाव्ह्यातून निसटू पाहणारे वायूचे बुडबुडे वरच्या सालीत अडकून राहतात, आणि पुढे पाझरणाऱ्या पाण्याने त्यांत झिओलाइट नावाची पांढरी किंवा फिकट गुलाबी खनिजे भरतात. एका वाहत्या ओहोळाजवळ मेंढ्या राखणाऱ्या बाईंनी आम्हाला असाच एक दगड दाखवला. त्या त्याला ‘आळ्यांचा दगड’ म्हणत होत्या, आणि पांढऱ्या भरीव पोकळ्यांकडे पाहून हे नाव मला पुस्तकी नावापेक्षा बरे वाटले.

वाटेतल्या एका फोडलेल्या, पोकळ्या नसलेल्या खड्यावर आम्ही दोन परीक्षा केल्या, आणि त्या कोणालाही करता येतील. पहिली चुंबकाची : दोऱ्याला लोंबणारे चुंबक बेसाल्टजवळ नेले की ते हलकेच खडकाकडे ओढले जाते, कारण त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. दुसरी घनतेची : खडा दोऱ्याने काट्याला टांगून हवेत वजन करावे, मग पातेल्यातल्या पाण्यात तळाला न टेकवता पूर्ण बुडवून पुन्हा वजन करावे, आणि वजनात जेवढी घट आली त्या आकड्याने हवेतल्या वजनाला भागावे. आमच्या खड्याचे उत्तर २.९ आले, म्हणजे तो तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या २.९ पट जड होता. पोकळ्यांचा किंवा कुजलेला दगड घेतला तर हे उत्तर फसवे निघते.

दुसरा दिवस : कोल्हापूरमार्गे बेळगाव

या दिवसाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. महामार्गावर काम चालू असल्यामुळे दिवस गाडीतच गेला. बेळगावजवळ मावशीने देसूर नावाचा फलक दाखवला, तेव्हा कालच्या यादीतले सर्वांत वरचे नाव कुठून आले ते कळले. दख्खनच्या लाव्ह्याची दक्षिणेकडची कड याच टापूत येते. इथून पुढे काळ्या पायऱ्या पुन्हा दिसणार नव्हत्या.

तिसरा दिवस : बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ, हंपी

सकाळभर सपाट शेते आणि काळी माती यांतून जात असताना भाचा कंटाळला होता. कोप्पळच्या अलीकडे माती हळूहळू तांबूस झाली, क्षितिजावर गोलसर उंचवटे आले आणि मग एकाएकी, कोणी टोपल्या भरभरून ओतावेत तसे, घराएवढे धोंडे एकमेकांवर रचलेले टेकडे सुरू झाले. मावशीने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेच्या धोंड्यावर हात ठेवून ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “हा खरखरीत आहे.” त्या एका शब्दात आमच्या तक्त्यातले खालचे उजवे घर होते. बेसाल्टवर हात फिरवला तर दाणा जाणवत नाही. इथे प्रत्येक दाणा वेगळा हाताला लागत होता.

हे धोंडे पुराने किंवा भूकंपाने आणून टाकलेले आहेत, असे अनेकांना वाटते, पण ते जागच्या जागीच घडलेले आहेत. खोलवर थिजलेल्या ग्रॅनाइटवरचे काही किलोमीटर जाडीचे ओझे झिजून गेले की दाब हटल्याने तो फुगतो आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी शिरते आणि ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजवते, कारण कोपऱ्यावर ते तिन्ही बाजूंनी हल्ला करते. मऊ झालेला भाग वाहून गेला की मधले गोटे उरतात, एकावर एक, जसे मुळात होते तसेच. या भागातल्या ग्रॅनाइटचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. काल सोडलेला आमचा ‘प्राचीन’ सह्याद्री त्याच्यापुढे कालचे पोर ठरतो.

चौथा दिवस : हंपी

हंपीत उन्हाआधी फिरावे. दहाच्या पुढे खडक तापू लागतो आणि जानेवारीतही टेकडीवर उभे राहवत नाही. शिवाय सकाळचे तिरपे ऊन दाणे पाहायला सर्वांत चांगले, कारण त्यात फेल्स्पारचे सपाट पृष्ठ आरशासारखे चमकतात. आम्ही साडेसहाला विरूपाक्ष मंदिराशेजारच्या हेमकूट टेकडीवर होतो. तिथे पूर्ण टेकडीच उघडा खडक आहे, त्यामुळे भिंग घेऊन ओणवे बसलेल्या आम्हा तिघांकडे इतर प्रवासी काहीतरी हरवले असावे अशा सहानुभूतीने पाहत होते.

भिंगाखाली तीन वस्तू वेगळ्या करता येतात. गुलाबी किंवा दुधी रंगाचा, सपाट पापुद्र्यांनी फुटणारा तो फेल्स्पार. काळ्या, नखाने टोकरले तर सुटणाऱ्या चकत्या म्हणजे अभ्रक. आणि उरलेल्या जागेत भरलेला, राखाडी काचेसारखा, कुठलाही ठरावीक आकार नसलेला तो क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. तिला आकार का नाही, याचे उत्तर मोठे सुंदर आहे. थंड होत जाणाऱ्या शिलारसात सगळी खनिजे एकदम गोठत नाहीत. ऑलिव्हीन आणि पायरोक्सीनसारखी लोह व मॅग्नेशियम असलेली खनिजे चढ्या तापमानालाच स्फटिकरूप होतात, त्यांच्यामागून ॲम्फिबोल आणि काळे अभ्रक येते, आणि पोटॅशचा फेल्स्पार व क्वार्ट्झ अगदी शेवटी. उशिरा आलेल्या पाहुण्याला उरलेल्या जागेत अंग चोरून बसावे लागते, तसे क्वार्ट्झचे होते. हा क्रम नॉर्मन बोवेन या भूवैज्ञानिकांनी वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत भट्ट्यांमध्ये खनिजे वितळवून आणि ठरावीक तापमानाला एकदम थंड करून १९२०च्या दशकात मांडला. त्यातून आणखी एक गोष्ट निघते. आधी झालेले जड स्फटिक तळाशी बसून वेगळे झाले, तर उरलेला रस सिलिकेने अधिकाधिक समृद्ध होत जातो, आणि एकाच शिलारसातून काळ्यापासून फिकट्यापर्यंत वेगवेगळे खडक मिळू शकतात. मात्र हंपीसारखे प्रचंड ग्रॅनाइट केवळ असे गाळून मिळत नाहीत. त्यांत जुने कवचच पुन्हा वितळण्याचा मोठा वाटा असतो.

मावशीचा पुढचा प्रश्न शिक्षिकेचा होता : दाणा मोठा असणे म्हणजे सावकाश थंड होणे, हे कोणी आणि कसे पाहिले? अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रॅनाइट पाण्यात साचून झाला, असे मानणारे विद्वान पुष्कळ होते. जेम्स हटन या स्कॉटिश भूवैज्ञानिकांना १७८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट येथे जुन्या खडकाच्या चिरांत घुसलेल्या ग्रॅनाइटच्या शिरा सापडल्या, आणि घुसायचे तर तो कधीतरी पातळ असला पाहिजे, हे उघड झाले. त्यांचे मित्र जेम्स हॉल यांनी पुढे भट्टीत काळा दगड वितळवला. तो झटकन थंड केला तेव्हा काच मिळाली, आणि तोच सावकाश थंड केला तेव्हा स्फटिकांचा दगड मिळाला. आमच्या तक्त्याच्या दोन ओळी म्हणजे तो प्रयोग होय.

लक्ष्मीनरसिंहाची १५२८ सालची एकसंध मूर्ती ६.७ मीटर उंच आहे. ती पाहून परतताना जीर्णोद्धाराच्या कामावरचे एक पाथरवट भेटले. त्यांचे कन्नड आणि आमचे मराठी यांच्यामध्ये हातवाऱ्यांचा पूल होता. एका सरळ रेषेत पाडलेल्या चौकोनी खाचांची रांग त्यांनी आम्हाला एका धोंड्यावर दाखवली. जुन्या काळी अशा खाचांत लाकडी पाचरी ठोकून त्या पाण्याने फुगवत आणि दगड फोडत, असे सांगितले जाते. त्यांनी ‘हा असा फुटेल, असा नाही’ हे तळहात फिरवून दाखवले आणि दोन बाजूंवर छिन्नी वाजवून आवाजातला फरक ऐकवला. ग्रॅनाइटला नस असते, ती ओळखून घाव घालायचा, हे त्यांचे ज्ञान. आमच्या भिंगाला ती नस काही दिसली नाही.

रात्री ज्वारीची भाकरी खाताना यजमान बाईंनी अंगणातला वाटणाचा दगड दाखवला. तो ग्रॅनाइटचा होता. आमच्याकडचे पाटे आणि जाती काळ्या बेसाल्टची. इथली फिकट आणि ठिपक्यांची. मावशीने त्यालाही भिंग लावले.

पाचवा दिवस : आनेगुंदीची वाळू, आणि तक्त्यात न बसणारी भिंत

तुंगभद्रेच्या पलीकडे आनेगुंदीच्या बाजूला सकाळ काढली. नदीकाठची वाळू मूठभर घेऊन पाहा, असे मी प्रत्येकाला सांगेन. ती फिकट आणि चमकदार आहे, कारण ग्रॅनाइट कुजताना त्यातल्या फेल्स्पारची चिकणमाती होते, पण शेवटी आलेला क्वार्ट्झ शेवटपर्यंत टिकतो. चढ्या तापमानाला जन्मलेली खनिजे हवापाण्यात आधी नासतात आणि उशिरा जन्मलेली उशिरा, हे सॅम्युएल गोल्डिच या भूवैज्ञानिकांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतोच, म्हणून सह्याद्रीतल्या ओढ्यांची वाळू काळपट असते. हा फरक लहानपणापासून डोळ्यांसमोर होता आणि कारण मात्र आता कळले.

त्याच सकाळी भाच्याने आमचा तक्ता मोडला. फिकट धोंड्यांच्या उतारावर काही फूट रुंदीचा एक काळा पट्टा सरळ चढत गेलेला त्याला दिसला. ग्रॅनाइट थंड होऊन तडकल्यानंतर त्या तडीत बेसाल्टी शिलारस शिरून तिथेच थिजला होता. अशा भित्तीला डाइक म्हणतात आणि तिच्या खडकाला डोलेराइट. चुंबक तिच्याकडे लगेच झुकले. पट्ट्याच्या मध्यभागी भिंगातून बारीक दाणे ओळखू येत होते, तर थंड ग्रॅनाइटला टेकलेल्या कडेला ते जवळजवळ नाहीसे झाले होते, म्हणजे दाणा बारीक की मोठा याचे उत्तर हातभर अंतरावर बदलत होते. मावशीने दोन ओळींमधल्या रेघेवरच ‘डोलेराइट’ लिहिले आणि म्हणाली, “परीक्षेत असे उत्तर लिहिले असते तर मी अर्धा गुण कापला असता.”

दुपारी चित्रदुर्गला निघालो. तिथला किल्लाही अशाच धोंड्यांमध्ये बसवलेला आहे, पण आम्ही पोचलो तेव्हा दरवाजा बंद होण्याची वेळ झाली होती.

सहावा दिवस : मारडीहळ्ळी, आगुंबे

चित्रदुर्गजवळच्या मारडीहळ्ळी येथे उशांच्या आकाराचा लाव्हा आहे आणि तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांपैकी एक आहे. फोनमधल्या नकाशाने आम्हाला एका शेताच्या बांधावर नेऊन सोडले. ‘लाव्हा’ म्हणून विचारल्यावर लोक गोंधळत होते. शेवटी भाच्याने फोनवरचे चित्र दाखवले, तेव्हा सायकलवरचा एक मुलगा हसला आणि पुढे होऊन आम्हाला टेकडीपाशी घेऊन गेला. तासभर वाया गेला. इथे जाणाऱ्यांनी चित्र जवळ ठेवावे, पाणी न्यावे आणि सावलीची अपेक्षा करू नये.

टेकडीचा दगड म्हणजे एकमेकांवर रचलेल्या फुगीर उशा, काही हातभर, काही माणसाच्या लांबीच्या. हाही बेसाल्टी लाव्हाच, पण तो समुद्राच्या पाण्याखाली बाहेर आला. पाण्याचा स्पर्श होताच लाव्ह्याच्या जिभेवर काचेची साल धरते, आतल्या दाबाने ती फुटून नवा गोळा बाहेर पडतो, त्यालाही साल धरते, आणि मऊ असतानाच तो खालच्या दोन गोळ्यांमधल्या खाचेत बसतो. त्यामुळे उशीची वरची बाजू गोल आणि खालची टोकदार राहते. त्यावरून उलटापालट झालेल्या थरांतही वर कोणते आणि खाली कोणते, हे सांगता येते. या उशांचे वयही अडीचशे कोटी वर्षांच्या घरात आहे. आज हा खडक काळा न राहता हिरवट झाला आहे, कारण नंतरच्या काळात दाब आणि उष्णतेने त्यात क्लोराइटसारखी हिरवी खनिजे तयार झाली. समुद्रापासून एवढ्या दूर, सुक्या काटेरी झुडपांत, समुद्राच्या तळावर उभे असल्याची जाणीव मला या सहलीत सर्वांत जास्त हलवून गेली. आमचा तक्ता इथे मुकाच होता. त्यात ‘पाण्याखाली’ असे घरच नव्हते.

उरलेला दिवस शिवमोग्गा आणि तीर्थहळ्ळीमार्गे आगुंबे घाट उतरण्यात गेला.

सातवा दिवस : मालपे, सेंट मेरी बेटे

वारा असल्यामुळे सकाळच्या बोटी सुटल्या नाहीत आणि आम्ही साडेतीन तास उडुपीजवळच्या मालपेच्या धक्क्यावर बसून काढले. पावसाळ्यात बोटी बंदच असतात. इतर महिन्यांतही सगळे वाऱ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे परतीचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नये. तिथल्या बेटांपैकी एकाचे नाव दर्याबहादूरगड आहे, हे कळल्यावर मावशीचा वेळ बरा गेला.

नारळाच्या बेटावर उतरल्यावर पाच-सहा कोनांचे खांब दिसतात, काही उभे, काही कललेले, काही पायरीसारखे तुटलेले. खांब पाहताच मी ‘बेसाल्ट’ म्हणून मोकळा झालो. पर्यटकांसाठीच्या लिखाणातही सर्रास तसेच म्हटलेले असते. परंतु खांब हा खडकाचा प्रकार नव्हे, ती आकुंचनाची खूण आहे. लाव्हा थंड होताना आक्रसतो, पृष्ठभागावर चिरा पडतात आणि थंडावा जसजसा आत उतरतो तसतशा त्या आत वाढत जातात. सर्वांत कमी चिरांत सर्वांत जास्त ताण मोकळा व्हायचा तर षट्कोनाजवळचा आकार सोयीचा. हे बेसाल्टमध्ये घडते, तसेच इतर लाव्ह्यांतही घडते.

या खांबांचा रंग राखाडी-तपकिरी होता. किनाऱ्यावरचा एक गुळगुळीत, घट्ट गोटा आम्ही पातेल्यात टांगला आणि मोजून झाल्यावर जिथला तिथे ठेवून दिला. उत्तर २.६ आले, पहिल्या दिवशीच्या बेसाल्टच्या २.९ पेक्षा बरेच कमी. मावशीने आकडा पुन्हा करायला लावला, तोच आला. भिंगाखाली बारीक दाण्यांचा एकजीव दगड आणि त्यात मधूनच फेल्स्पारचे छोटे ठिपके. अभ्यासकांनी या खडकाला रायोडेसाइट म्हटले आहे : सिलिकेच्या दृष्टीने ग्रॅनाइटच्या पंगतीतला, पण जमिनीवर किंवा तिच्या अगदी जवळ चटकन थिजलेला. सुमारे आठ कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून तुटून वेगळे होत होते, त्या घडामोडीतला हा लाव्हा आहे, म्हणजे सह्याद्रीच्या पायऱ्यांपेक्षा दोन कोटी वर्षांहून अधिक जुना.

मावशीने वर उजवीकडचे घर भरले, पण शेजारी दोन टिपा लिहिल्या. पहिली अशी की रंगावर फार विसंबू नये. ज्वालामुखी काच सिलिकेने भरलेली असूनही काळीकुट्ट असू शकते. दुसरी अशी की मोठ्या दाण्याच्या खडकाचे नाव त्यातले क्वार्ट्झ आणि फेल्स्पार यांचे प्रमाण मोजून ठरते, तर ज्याचे दाणे दिसतच नाहीत त्याच्यासाठी सिलिका आणि सोडियम-पोटॅशियम यांचे रासायनिक प्रमाण काढावे लागते. सिलिका ४५ ते ५२ टक्के असेल तर खडक बेसाल्टच्या गटात जातो, ६३ टक्क्यांच्या वर गेली की त्याला अम्लधर्मी म्हणतात. या ‘अम्ल’ शब्दाचा आंबटपणाशी काही संबंध नाही. सिलिका हे एक आम्ल आहे, या जुन्या समजुतीचे ते शेपूट आहे. रक्षकांनी शिट्टी वाजवली, आणि आम्ही शेवटच्या बोटीसाठी धावलो.

घरी परतल्यावर

खाली डावीकडचे घर, म्हणजे काळा आणि मोठ्या दाण्याचा खडक, रिकामेच राहिले होते. त्याचे नाव गॅब्रो, हे मावशीला माहीत होते. बेसाल्टचाच रस खोलवर सावकाश थिजला की गॅब्रो होतो. तो पाहायला गिरनारला जावे लागेल, असे आम्ही गाडीत ठरवलेही होते.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. चहा टाकताना तिने सवयीने भिंग ओट्याला लावले होते. ओट्यात काळ्या पार्श्वभूमीवर फेल्स्पारच्या करड्या, लांबट काड्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या, राखाडी काचेसारखा दाणा कुठेच नव्हता, आणि चुंबक दगडाकडे झुकत होते. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. ग्रॅनाइट म्हणायला जो क्वार्ट्झ लागतो तो त्यात नसतो. तिने चौथ्या घरात पेन्सिलीने ‘ओटा’ लिहिले होते आणि मला विचारत होती की केवढा दाणा असला म्हणजे डोलेराइटचा गॅब्रो होतो.